आरसी विमान पडलं? चिकटवण्याआधी हे वाचा: दुरुस्ती, वजन आणि बॅलन्स

रिमोटवर उडणारं विमान घरी बनवायचं कसं, यावर व्हिडिओ भरपूर आहेत. ते पडल्यावर काय करायचं, हे मात्र फारसं कुणी नीट दाखवत नाही. आणि पडतं तर सगळ्यांचंच. पहिल्या महिन्यात माझं विमान जितका वेळ हवेत होतं, त्याच्यापेक्षा जास्त वेळ टेबलावर होतं.

आधी माझ्याबद्दल थोडंसं. साक्रीत माझं मोबाइल रिपेअरिंगचं छोटं दुकान आहे. सोल्डरिंग आयर्न, मल्टीमीटर, आयपीए, हॉट ग्लू गन हे सगळं हाताशी असतं. त्यामुळे विमान पडलं तेव्हा मला वाटलं, आपल्याला काय, संध्याकाळपर्यंत जोडून टाकू. जोडलंही. आणि दुसऱ्या दिवशी तेच विमान माझ्या आठवीतल्या भाच्यापासून चार पावलांवर येऊन आदळलं. जोडणीत चूक नव्हती, एकही सांधा सुटला नव्हता. चूक वजनात होती. म्हणून या लेखात चिकटवण्यापेक्षा वजनाबद्दल जास्त बोलणार आहे.

विमान कोणतं होतं, कसं पडलं

साधं शिकाऊ विमान. ५ मिलिमीटर जाडीच्या फोमबोर्डचं, म्हणजे दोन्ही बाजूंनी कागद असलेल्या फोमच्या शीटचं. पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत १०० सेंटीमीटर, पंखाची रुंदी १८ सेंटीमीटर. मोटर ए२२१२, १४०० केव्हीची, ३० अँपिअरचा ईएससी, चार ९ ग्रॅमवाले सर्व्हो आणि ३ सेलची २२०० एमएएच लिपो बॅटरी. बॅटरीसकट एकूण वजन ७८० ग्रॅम.

मार्च महिना. गहू काढून मोकळं झालेलं रान होतं, कान नदीच्या अंगाला. सकाळी उडवायला हवं होतं, पण दुकानामुळे दुपारचे चार वाजले. आपल्या साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर एवढ्या पवनचक्क्या उगाच उभ्या केलेल्या नाहीत. दुपारनंतर वारा उठला की आठशे ग्रॅमच्या खेळण्याला तो हवा तसा ढकलतो. मी विमान वळवलं, वारा मागून लागला, ते एकदम पळायला लागल्यासारखं दिसलं. म्हणून थ्रॉटल कमी केला. इथेच फसलो. वारा मागून असताना विमान जमिनीच्या हिशोबाने जोरात जातं, पण पंखावरून जाणाऱ्या हवेचा वेग काही वाढलेला नसतो. वेग कमी झाला, मी एलिव्हेटर ओढला, एक पंख खाली गेला आणि विमान नाकावर.

बांधावरून भाचा ओरडला, "मामा, इमान पडी गयं!"

पहिला अर्धा तास: काहीही चिकटवू नका

धावत जाऊन विमान उचलायचा मोह होतो. आधी ट्रान्समीटरवर थ्रॉटल पूर्ण खाली घ्या, ट्रान्समीटर चालूच ठेवा, मग विमानाजवळ जाऊन बॅटरीचा प्लग काढा. ट्रान्समीटर आधी बंद केला आणि फेलसेफ नीट सेट नसेल, तर मोटर अचानक फिरू शकते. ८ इंची पंखा बोटाला काय करतो ते बघायची गरज नाही.

प्लग काढल्यावर मोबाइल काढा आणि विमान हलवण्याआधी फोटो घ्या. चारही बाजूंनी. कोणता भाग आधी आपटला, नाक किती दबलं, कोणता तुकडा किती लांब उडाला, हे घरी गेल्यावर आठवत नाही. सगळे तुकडे पिशवीत भरा, अगदी फोमचे चुरेसुद्धा. ते जागच्या जागी बसवून बघितले की मूळ आकार आणि लांबी कळते. मी चुरे रानातच सोडले होते, त्याची किंमत पुढे कळेल.

आता बॅटरी. फुगलेली मोबाइल बॅटरी तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. लिपो त्याच जातीची असते, फक्त तिच्यावर कडक कव्हर नसतं आणि ती करंट प्रचंड देते. विमान नाकावर पडतं तेव्हा बॅटरी पुढे सरकून मोटरच्या मागच्या भागावर आदळते. कोपरा दबला, आतले थर एकमेकांना टेकले, तर आग लगेच लागेल असं नाही. ती काही मिनिटांनी, कधी चार्जिंगला लावल्यावरही लागू शकते. म्हणून पडलेली बॅटरी गाडीच्या डिक्कीत टाकून घरी आणू नका. निदान अर्धा तास उघड्यावर, मातीवर, वाळक्या गवतापासून लांब ठेवा. मग बघा: फुगली आहे का, गोड, रंगासारखा वास येतोय का, कोपरा चेपलाय का. यातलं काहीही असेल तर ती बॅटरी संपली. तिला "एकदा चार्ज करून बघू" असं करायचं नाही. वरून चांगली दिसली तर मल्टीमीटरने किंवा सेल चेकरने प्रत्येक सेल मोजा. पूर्ण चार्ज सेल ४.२ व्होल्ट, ठेवून द्यायची असेल तर ३.८ च्या आसपास. एखादा सेल बाकीच्या दोघांपेक्षा ०.१ व्होल्टने किंवा जास्त खाली असेल तर मी ती बॅटरी विमानात वापरत नाही. नवी बॅटरी महाग पडते, मान्य आहे. पण आमच्या दुकानात एकदा फुगलेल्या बॅटरीने पेट घेतला होता, त्यामुळे या बाबतीत मी ऐकत नाही.

मोटर आणि काळी वाळू

विमान नदीच्या वाळूत पडलं असेल तर एक गोष्ट आपल्या भागात हमखास होते. खानदेशातला खडक बेसाल्ट. तो झिजून जी वाळू होते, तिच्यात मॅग्नेटाइटचे काळे कण असतात. लोहचुंबक वाळूत फिरवा, काळी मिशी फुटल्यासारखे कण चिकटतात. ब्रशलेस मोटरच्या घंटेच्या आत चुंबकच असतात! ते हे कण ओढून घेतात आणि फुंकर मारून ते निघत नाहीत. मोटर हाताने फिरवल्यावर खरखर आवाज आला तर समजायचं. घंटा काढून चिकटपट्टीचा तुकडा चुंबकांवर दाबून दाबून कण उचलायचे. कंटाळवाणं काम आहे, पण तसंच चालवलं तर तारांवरचं इनॅमल खरवडलं जातं आणि मोटर जळते, कधी सोबत ईएससी घेऊन जाते.

मग शाफ्ट. मोटर हळू फिरवून, पंखा न लावता, मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये बाजूने व्हिडिओ घ्या. शाफ्टचं टोक डुगडुगताना दिसलं तर शाफ्ट वाकलाय. ठोकून सरळ करायच्या भानगडीत पडू नका, शाफ्ट बदलून मिळतो.

पंख्याला चीर गेली असेल, टोक तुटलं असेल, तर तो कचऱ्यात. पंखा कधीही चिकटवायचा नाही. मिनिटाला दहा हजार फेऱ्यांना सुटलेला तुकडा गोफणीच्या दगडासारखा जातो.

सर्व्होसाठी साधी परीक्षा: बॅटरी न लावता त्याचा हात बोटाने अगदी हळू या टोकाहून त्या टोकाला न्या. मध्ये कुठे "टक" करून घसरला तर आतल्या प्लास्टिक गिअरचा दात गेलाय. असा सर्व्हो टेबलावर नीट चालतो आणि हवेत जोर आला की घसरतो.

कोणता गोंद कुठे

यावर वाद भरपूर होतात, मी माझं सांगतो. फेविक्विक थर्माकोल आणि फोमबोर्डच्या आतला फोम खातं. लावलंत की खड्डा पडतो. चपलेला वापरतात तसले सॉल्व्हंटवाले गोंदही तसेच. फेविकॉल हलका आणि मजबूत, पण वाळायला रात्र लागते. अराल्डाइटसारखं इपॉक्सी सगळ्यात मजबूत, पण जड, म्हणून मी ते फक्त मोटर माउंटला वापरतो. हॉट ग्लू दोन मिनिटांत काम करतो म्हणून सगळ्यांचा आवडता. त्याचे दोन दोष मात्र आहेत. एक, आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर जातो. उन्हात ठेवलेल्या विमानाचा, त्यातून गडद रंगाचा, पृष्ठभाग त्याहून कितीतरी गरम होतो आणि हॉट ग्लू मऊ पडतो. नुसत्या हॉट ग्लूवर टेकलेली मोटर उन्हाळ्यात तिरकी होते. दोन, वजन. २० सेंटीमीटरची जाड ग्लू स्टिक साधारण १८ ग्रॅमची असते, आणि घाबरलेला माणूस एका सांध्यात अख्खी स्टिक ओततो.

मी घाबरलेला माणूस होतो.

माझी पहिली दुरुस्ती, ग्रॅममध्ये

एलिव्हेटरच्या थोडं पुढे विमानाची शेपटी तुटली होती. तिथे मी दोन्ही बाजूंनी बांबूच्या जाड कामट्या लावल्या, पूर्ण एक ग्लू स्टिक रिकामी केली आणि वरून टेप गुंडाळला. हालवून पाहिलं, दगडासारखं घट्ट. नाक चेंदामेंदा झालं होतं आणि तुकडे तर रानात राहिले होते. म्हणून दबलेला ३ सेंटीमीटरचा भाग सरळ कापला आणि मोटर तेवढी मागे बसवली. जागा कमी झाल्याने बॅटरीही २ सेंटीमीटर मागे गेली. दिसायला विमान मस्त दिसत होतं. थोडं बुटकं, एवढंच.

आता तराजूचा हिशोब करू. कोणत्याही विमानाचा एक बिंदू असतो, जिथे बोट टेकवलं की ते सरळ राहतं. तो गुरुत्वमध्य, आरसीवाले त्याला सीजी म्हणतात. माझ्या विमानात तो पंखाच्या पुढच्या कडेपासून ५ सेंटीमीटर मागे होता. पंखाची रुंदी १८, म्हणजे २८ टक्क्यांवर. सरळ पंखाच्या शिकाऊ विमानाला २५ ते ३३ टक्के ठीक असतं.

सी-सॉवर हलका मुलगा लांब बसून जड माणसाला उचलतो, तसंच इथे. वजन गुणिले अंतर. सगळी अंतरं सीजीपासून मोजायची.

शेपटीवर वाढलेलं वजन २२ ग्रॅम, सीजीपासून ४८ सेंटीमीटर मागे: २२ × ४८ = १०५६.
मोटर, माउंट आणि पंखा मिळून ९० ग्रॅम, ३ सेंटीमीटर मागे सरकले: ९० × ३ = २७०.
बॅटरी १८० ग्रॅम, २ सेंटीमीटर मागे: १८० × २ = ३६०.

बेरीज १६८६. हे विमानाच्या नव्या वजनाने भागायचं, ते साधारण ८१० ग्रॅम झालं होतं. उत्तर येतं २.०८. म्हणजे सीजी २ सेंटीमीटरहून थोडा जास्त मागे गेला, ५ वरून ७.१ वर. टक्क्यांत ३९. नुसत्या एका ग्लू स्टिकने आणि थोड्या आळसाने!

दोन सेंटीमीटर म्हणजे काहीच नाही असं वाटतं. पण सीजी मागे गेला की काय होतं बघा. व्यवस्थित बॅलन्स असलेल्या विमानाचं नाक वाऱ्याने वर उचललं, तर शेपटी ते आपोआप खाली आणते. सीजी मागे जातो तशी ही सवय कमी होते आणि एका बिंदूनंतर उलटी होते: नाक थोडं वर गेलं की अजून वर, अजून वर. तुम्ही स्टिक पुढे ढकलता, ते खाली येतं ते एकदम डाइव्ह मारत. नाक जड असलेलं विमान कसंतरी उडतं, लांब जाऊन उतरतं. शेपटी जड असलेलं विमान तुम्हाला विचार करायला वेळच देत नाही.

दुसऱ्या दिवशी तेच झालं. हातातून सुटताच विमान उभं राहिलं, मी स्टिक पुढे ढकलली, ते उलटं होऊन मागे वळलं. मागे भाचा उभा होता, कारण त्याला मीच "तिथे उभा राहून व्हिडिओ काढ" म्हणालो होतो. तो व्हिडिओ आहे माझ्याकडे, ११ सेकंदांचा. शेवटी फक्त ढेकळं दिसतात आणि मोटरचा आवाज ऐकू येतो. मोटर फिरतच होती. मी घाबरून थ्रॉटल खाली घ्यायचं विसरलो होतो.

त्याला काही लागलं नाही. ताईला हे आम्ही चार दिवसांनी सांगितलं, आणि तिने जे सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मोठ्या विमानांनाही हेच लागू

ही फक्त खेळण्यांची गोष्ट नाही. ८ जानेवारी २००३ रोजी अमेरिकेतल्या शार्लट विमानतळावरून एअर मिडवेस्टचं फ्लाइट ५४८१ उडालं. बीचक्राफ्ट १९००डी, छोटं प्रवासी विमान. उड्डाण होताच नाक वर वर जात राहिलं आणि विमान कोसळलं. आतले सगळे २१ जण गेले. चौकशीत दोन गोष्टी एकत्र सापडल्या. आदल्या दोन दिवसांत झालेल्या देखभालीत एलिव्हेटरच्या केबल चुकीच्या जुळवल्या गेल्या होत्या, त्यामुळे नाक खाली आणण्यासाठी एलिव्हेटर पुरेसा वळतच नव्हता. कामातल्या काही पायऱ्या गाळल्या होत्या आणि काम झाल्यावरची तपासणीही झाली नव्हती. दुसरं, विमानाचा सीजी मर्यादेच्या मागे होता. प्रवाशांचं वजन प्रत्यक्ष न मोजता सरासरीने धरलं होतं. त्या अपघातानंतर अमेरिकेत हे सरासरी आकडे बदलले गेले.

दुरुस्तीनंतर तपासलं नाही, आणि वजन अंदाजाने धरलं. वाचताना मला माझंच टेबल दिसत होतं.

दुसरी दुरुस्ती: शिसं लावू की गोंद काढू?

शेपटी जड झाली की लोक सांगतात, नाकात वजन टाक. करून बघू. १६८६ चा तोल सांभाळायला, आखूड झालेल्या नाकात सीजीच्या १७ सेंटीमीटर पुढे किती वजन लागेल? १६८६ भागिले १७, म्हणजे ९९ ग्रॅम. शंभर ग्रॅम शिसं! विमान ९१० ग्रॅमच्या आसपास जातं. बॅलन्स होईल, पण वजन वाढलं की विमानाला हवेत राहायला जास्त वेग लागतो. स्टॉलचा वेग वजनाच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतो. ७८० वरून ९१० म्हणजे वेग ८ टक्के जास्त. उतरताना जास्त जोरात, वळताना जास्त धोका, आणि पुन्हा पडलं तर जास्त जोरात आदळणार. भाच्याच्या बाजूने विचार केला तर हा उपाय नकोच.

म्हणून मी गोंद काढला. मोबाइलवाल्यांची युक्ती इथे कामी आली. हॉट ग्लूच्या कडेला आयपीए, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल, ब्रशने सोडायचं आणि मिनिटभर थांबायचं. गोंदाची पकड सुटते, कोपरा उचलून ओढला की पट्टी निघते. फोमबोर्डचा कागद थोडा सोलतो, पण चालतं. हे करताना खिडकी उघडी ठेवा आणि जवळ गरम ग्लू गन किंवा सोल्डरिंग आयर्न नको, आयपीए पटकन पेटतं.

मग शेपटी नव्याने जोडली. तुटलेल्या कडा सरळ न कापता तिरप्या कापल्या, म्हणजे चिकटायला जागा जास्त मिळते. आत खराट्याच्या जाड काडीएवढ्या दोन बारीक कामट्या, पातळ फेविकॉल, वरून कागदी टेपचा एकच थर, आणि रात्रभर वाळत ठेवलं. वाढलेलं वजन ७ ग्रॅम. २२ च्या जागी ७.

नाक या वेळी मूळ लांबीचं बनवलं, जुन्या फोटोंवरून मापं काढून. मोटर आणि बॅटरी आपल्या जागी परत गेल्या. राहिला शेपटीचा हिशोब: ७ × ४८ = ३३६. बॅटरी १८० ग्रॅमची, म्हणजे ती १.९ सेंटीमीटर पुढे सरकवली की काम झालं. तेवढी जागा होती. शिसं शून्य.

मोबाइलने कोन मोजा

मोटर माउंट पुन्हा लावला की मोटर तिरकी बसण्याची शक्यता असते. बहुतेक शिकाऊ विमानांत मोटर मुद्दामच २-३ अंश खाली आणि थोडी उजवीकडे झुकलेली असते. तुमच्या विमानाच्या प्लॅनमध्ये काय आहे ते बघा. खालचा झुकाव मोजायला मोबाइल पुरतो. फायफॉक्स नावाचं मोफत ॲप आहे, जर्मनीतल्या आखेन विद्यापीठात बनवलेलं. त्यात कोन मोजायची सोय आहे. मोबाइल कॅमेऱ्याच्या उंचवट्यावर टेकणार नाही असा ठेवा, नाहीतर चुकीचा कोन येतो. आधी पंखाखाली पुठ्ठे सरकवून पंख शून्य अंशावर आणा, मग आडवी शेपटी मोजा, मग मोटर माउंट.

हाच मोबाइल डाव्या पंखावर आणि उजव्या पंखावर तशाच जागी ठेवून बघा. दोन्हींत एक अंशापेक्षा जास्त फरक असेल तर पंखाला पीळ पडलाय आणि विमान एका बाजूला वळत राहील. माझ्या उजव्या पंखाला दुसऱ्या अपघातात तडा गेला होता. पीळ काढून, सपाट फरशीवर वजनाखाली ठेवून मग चिकटवला.

बॅलन्स करायचा क्रम

सगळं जोडून झाल्यावर, बॅटरी, पंखा, टेप, अगदी झाकणाचा रबरबँडसुद्धा लावून, मगच बॅलन्स बघायचा. "नंतर लावू" असं एकही काही बाहेर ठेवायचं नाही.

पंखाच्या खालून, मधल्या भागापासून दोन्हीकडे सारख्या अंतरावर, पुढच्या कडेपासून ५ सेंटीमीटरवर पेनाने खूण करा. त्या खुणांवर दोन बोटं टेकवून विमान उचला. बोटं थरथरतात, म्हणून मी लाकडी ठोकळ्यात दोन पेन्सिली उभ्या केल्या आहेत, खोडरबर वर. पंखा बंद करून, खिडकी लावून बघा. नाक अगदी किंचित खाली झुकलेलं हवं. शेपटी खाली जात असेल तर बॅटरी पुढे. बॅटरीला पुढे जागाच नसेल तरच वजन.

त्यानंतर आडवा बॅलन्स, जो बहुतेक जण विसरतात. एक बोट मोटरच्या शाफ्टखाली, दुसरं शेपटीच्या टोकाखाली, आणि विमान मोकळं सोडा. कोणता पंख खाली जातो? माझा उजवा गेला. तड्याच्या दुरुस्तीने तिथे ८ ग्रॅम वाढले होते, मध्यापासून ३० सेंटीमीटरवर. ८ × ३० = २४०. डाव्या टोकाला, ४८ सेंटीमीटरवर, २४० भागिले ४८, म्हणजे ५ ग्रॅम हवे.

५ ग्रॅम कुठून आणायचे? काही जण नाणं चिकटवतात. चालतं, पण जुन्या-नव्या नाण्यांची वजनं वेगळी असतात, आधी काट्यावर ठेवा. मी सुरत-धुळे हायवेवरच्या टायरवाल्याकडे गेलो. व्हील बॅलन्सिंगला जी मागून चिकटणारी वजनं वापरतात, ती ५ आणि १० ग्रॅमच्या तुकड्यांत असतात. चार तुकडे मागितले. तो म्हणाला, कोणती गाडी? सांगितल्यावर पैसेच घेतले नाहीत.

पंख्याचा बॅलन्स वेगळा. नवा पंखासुद्धा अनेकदा एका पात्याकडे जड असतो. भोकातून गुळगुळीत सळई घालून आडवा धरा. जड पातं खाली येतं. हलक्या पात्याच्या मागच्या बाजूला चिकटपट्टीचा छोटा तुकडा लावत जा, पंखा आडवा थांबेपर्यंत. मग विमान टेबलाला घट्ट बांधून, पंख्याच्या समोर किंवा बाजूला कुणी नाही ना हे बघून, मोटर चालवा आणि फायफॉक्समध्ये आवाजाचा स्पेक्ट्रम बघा. दोन पात्यांचा पंखा एका फेरीत दोनदा हवा कापतो. ३४० हर्ट्झला उंच टोक दिसलं, तर सेकंदाला १७० फेऱ्या, मिनिटाला १०,२००. हा आकडा विमान चांगलं असताना लिहून ठेवला असेल तर दुरुस्तीनंतर मोटर तेवढीच जोरात फिरते का ते कळतं. मी आधी लिहिला नव्हता. आता लिहितो.

रानात जाण्याआधी

पंखा काढून कंट्रोल तपासा. स्टिक स्वतःकडे ओढली की एलिव्हेटर वर. स्टिक उजवीकडे नेली की उजवं एलेरॉन वर, डावं खाली. सर्व्हो बदलला की दिशा उलटी होणं ही फार नेहमीची चूक आहे. एलिव्हेटर पूर्ण वर आणि पूर्ण खाली तेवढाच जातो का, हेही बघा. शार्लटच्या विमानात नेमकं तेच नव्हतं. मग ट्रान्समीटर बंद करून मोटर थांबते का बघा. थांबत नसेल तर फेलसेफ सेट केल्याशिवाय घराबाहेर पडू नका. शेवटी एकाला विमानाजवळ बसवून तुम्ही ट्रान्समीटर घेऊन लांब चालत जा, सर्व्हो थरथरतात का ते त्याने सांगायचं.

कायद्याचंही दोन ओळींत सांगतो, कारण कमेंटमध्ये विचारलं जातंच. ड्रोन नियम २०२१ मध्ये छंदासाठी, नजरेच्या टप्प्यात उडवल्या जाणाऱ्या मॉडेल विमानांचा वेगळा उल्लेख आहे, आणि त्यांना टाइप सर्टिफिकेट लागत नाही. २५० ग्रॅमच्या वर आणि २ किलोपर्यंतचं विमान मायक्रो गटात येतं. व्यावसायिक वापर नसेल तर त्याला पायलट लायसन्स लागत नाही. पण जागा कोणत्या झोनमध्ये आहे हे डिजिटल स्कायच्या नकाशावर बघावंच लागतं. धुळ्याजवळ गोंदूरला विमानतळ आहे, त्यामुळे त्या बाजूच्या मित्रांनी तर आधी नकाशा बघा. पवनचक्क्या आणि हाय टेन्शन तारांच्या आसपास नकाशा काहीही म्हणो, जाऊ नका.

परत हवेत

या वेळी सकाळी साडेसहाला गेलो. वारा जवळजवळ नव्हता. आधी मोटर बंद ठेवून, गवत असलेल्या तुकड्यावर, विमान खांद्याच्या उंचीवरून सरळ समोर फेकलं. नाक आपटत लगेच खाली गेलं तर नाक जड. वर उठून थबकून पडलं तर शेपटी जड. माझं विमान दहा-बारा पावलं तरंगत जाऊन पोटावर बसलं. तीनदा फेकलं, तिन्ही वेळा तसंच.

मग मोटर लावून. भाचा या वेळी माझ्या मागे, मोटारसायकलच्या आडोशाला. मोबाइल त्याच्याच हातात, पण ट्रायपॉडसारखा सीटवर टेकवलेला. विमान सुटलं, थोडं डावीकडे झुकलं, दोन टिक ट्रिम दिल्यावर सरळ झालं. सहा मिनिटं उडवलं आणि बॅटरी शिल्लक असतानाच उतरवलं. सेल मोजले, प्रत्येकी ३.८.

बॅटरीच्या झाकणाच्या आत आता एक चिठ्ठी चिकटवलेली आहे: वजन ८०० ग्रॅम, सीजी ५ सेंटीमीटर, बॅटरी लाल रेषेपर्यंत, डाव्या टोकाला ५ ग्रॅम. अक्षर भाच्याचं आहे. विमान हातात घेतलं की आधी तो मला ती चिठ्ठी वाचायला लावतो, पेन्सिलींवर ठेवून दाखवायला सांगतो, आणि मगच बांधावरून मोटारसायकलच्या मागे जातो.